तोरणमाळचे रंगीत आकाश : जाहिरात, अंधार आणि प्रत्यक्ष छायाचित्रे

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळच्या पठारावर, वस्तीपासून जरा आडबाजूला असलेल्या एका घरगुती निवासाने रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण करणाऱ्यांसाठी खास व्यवस्था सुरू केली आहे. एका रात्रीचे माणशी अडीच हजार रुपये घेऊन राहायला खोली, दोन वेळचे जेवण, पहाटेचा चहा, छायाचित्रणासाठी अंधारी मोकळी जागा आणि रात्री दोन तासांची शिकवणी असे तिचे स्वरूप आहे. जाहिरातीत ‘सातपुड्यातले रंगीत आकाश’ असे शब्द असून त्यांच्यामागे जांभळ्या-निळ्या आकाशगंगेचे चित्र छापले आहे. जागा उत्तम आहे आणि यजमानाला अंधाराची कदर आहे. शिकवणी मात्र, ज्या रंगांसाठी माणूस एवढा घाट चढून येतो, नेमक्या त्याच रंगांवर बोळा फिरवते. हे माझे मत आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना केवळ जावे की न जावे एवढेच ठरवायचे आहे त्यांचा वेळ वाचेल.

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर करत सातपायरी घाट चढला की सुमारे १,१५० मीटर उंचीवरचे हे पठार लागते. रेल्वेने येणाऱ्यांनी सुरत-भुसावळ मार्गावरच्या नंदुरबारला उतरावे आणि शहाद्यावरून पुढे यावे. स्वतःचे वाहन असेल तर पेट्रोल शहाद्यातच भरून घ्यावे, आणि घाट उजेडी चढावा. छायाचित्रकाराच्या दृष्टीने या जागेच्या भूगोलाचा एक विशेष आहे, जो जाहिरातीत कुठेही सांगितलेला नाही. पठाराच्या उत्तरेला नर्मदेचे खोरे आहे आणि तिकडे मोठे शहर नाही, त्यामुळे उत्तरेचे आकाश क्षितिजापर्यंत काळे मिळते. दक्षिणेला मात्र तापीचे खोरे पसरले आहे. शहादा या पठारापासून जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे, नंदुरबार त्याच्या किंचित पश्चिमेकडे. आणि आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी, सर्वांत रंगीत भाग, म्हणजे वृश्चिक आणि धनू राशींमधला तिचा मध्य, आपल्या अक्षांशावरून दक्षिणेलाच दिसतो. थोडक्यात, ज्या दिशेला पाहायला आपण येतो त्याच दिशेला खालच्या तापीखोऱ्यातल्या गावांचा उजेड आहे. तोरणमाळचा अक्षांश सुमारे २२ अंश उत्तर असल्यामुळे आकाशगंगेचा मध्य जास्तीत जास्त ३९ अंशांपर्यंत चढतो, आणि एवढ्या उंचीवर असताना खालच्या उजेडाचा त्रास फारसा जाणवत नाही. हा मध्य कलू लागला की मात्र चित्राच्या खालच्या एक-तृतीयांश भागात पांढुरका-पिवळट धूर पसरल्यासारखा दिसतो.

हा उजेडही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर्वीचे सोडियमचे दिवे मुख्यतः ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा प्रकाश देत, आणि तो गाळणीने बराच अडवता येई. राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम २०१५ मध्ये सुरू झाल्यानंतर गावोगावी एलईडी दिवे आले. त्यांचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, त्यातला निळा भाग हवेत सर्वाधिक विखुरतो, आणि तो काढून टाकील अशी गाळणी तारे व तेजोमेघ (चमकणारे वायूचे ढग) हेही सोबत काढून टाकते. जाहिरातीत या आकाशाला बॉर्टल मापनश्रेणीतला पहिला वर्ग बहाल केलेला आहे. जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये मांडलेल्या या श्रेणीत पहिला वर्ग सर्वांत काळ्या आकाशाचा आणि नववा महानगराचा. दक्षिण क्षितिजावरचा उजेड लक्षात घेता मी या जागेला तिसरा वर्ग देईन. तिसरा वर्ग ही काही कमीपणाची गोष्ट नाही. जळगाव किंवा धुळे शहरात वाढलेल्या माणसाने असे आकाश कदाचित कधीच पाहिलेले नसते.

केव्हा जावे, हा प्रश्न पंचांग उघडूनच सोडवावा लागतो, आणि त्यात खानदेशाची एक गंमत आहे. चंद्र नसलेल्या रात्री हव्यात हे उघडच आहे. पण आपल्याकडच्या ज्या दोन अंधाऱ्या रात्री सगळ्यांना ठाऊक असतात, त्या दोन्ही येथे कुचकामाच्या आहेत. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला येते, म्हणजे चंद्र जवळपास नसतोच, परंतु त्या दिवशी गोरक्षनाथाची मोठी यात्रा तोरणमाळला भरते आणि पठारावर दिवे, गाड्या, दुकाने यांची रीघ लागते. दिवाळीतली अमावास्या लक्ष्मीपूजनाची. तेव्हा पठारावर शांतता असली तरी तापीकाठच्या गावांतून फटाक्यांचा धूर वर येतो. होळीला अक्राणी भागातल्या आदिवासी वाड्यापाड्यांवर जो उत्सव होतो तो पाहण्यासाठी जरूर यावे, पण ती पौर्णिमा असल्यामुळे ताऱ्यांचा कॅमेरा घरीच ठेवावा. माझ्या मते सर्वांत चांगली रात्र सर्वपित्री अमावास्येची. पावसाने हवा धुतलेली असते, पाऊस बहुधा परतीला लागलेला असतो, आणि त्या तिथीला लोक प्रवास टाळत असल्यामुळे खोलीही हमखास मिळते. ढगांचा धोका असतो, तो पत्करावा. एप्रिल-मेमध्ये आकाशगंगा मध्यरात्रीनंतर अधिक काळ दिसते, पण तेव्हा वणवे, शेतातली जाळपोळ आणि धूळ यांमुळे दक्षिणेचा खालचा भाग मळकट होतो. त्रिशंकू तारकासमूह एप्रिलअखेर रात्री दहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजावर येतो खरा, परंतु त्याचा तळाचा तारा जेमतेम पाच अंश वर चढत असल्यामुळे तो या मळात बुडूनच जातो.

मी गेलो ती रात्र सर्वपित्रीची होती, आणि आता या निवासाच्या खऱ्या बलस्थानाविषयी लिहितो. यजमान शहाद्याकडचे, साधारण चाळिशीचे गृहस्थ आहेत आणि सगळे पाहुणे त्यांना दादा म्हणतात. सूर्य मावळताच ते स्वतः फिरून बाहेरचा प्रत्येक दिवा बंद करतात. जिन्यातले आणि न्हाणीघराच्या वाटेवरचे जे दिवे बंद करता येत नाहीत, त्यांना आकाशकंदिलाला लावतात तो लाल जिलेटिन कागद दुहेरी गुंडाळून वर रबर लावलेले आहे. खोल्यांच्या खिडक्यांना जाड काळे कापड आहे. स्वयंपाकघराचे दार मागच्या बाजूला उघडते, आणि रात्री नऊनंतर तिथे कंदिलाच्या वातीएवढाच उजेड असतो. उशिरा आलेल्या एका कुटुंबाची गाडी आवारात शिरली तेव्हा दादा धावत पुढे गेले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, पुढचे दिवे बंद केले तसा आतला दिवाही आधी बंद करा, मग दार उघडा. दार उघडलं की तो आपोआप लागतो, आणि इथं सगळ्यांचे डोळे पुन्हा पहिल्यापासून तयार व्हायला अर्धा तास जातो.’’ हे वाक्य ज्याला सुचते त्याला या कामाचे मर्म कळले आहे, असे मी समजतो. डोळ्यांतल्या मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी पूर्ण तयार व्हायला २० ते ३० मिनिटे तरी लागतात, आणि पांढऱ्या प्रकाशाची एक झुळूक ती सगळी तयारी घालवते. लाल प्रकाशाने मात्र त्या फारशा बिघडत नाहीत. अनेक महागड्या ठिकाणी ताऱ्यांखाली झोपण्याचे पैसे घेतात आणि झाडांना रोषणाई करतात. येथे ते घडत नाही. एकच उणीव सांगायची तर, पाहुण्यांच्या गाड्यांसाठी फाटकाबाहेर वेगळी जागा नाही आणि रात्री अमुक वाजल्यानंतर गाडी आत येणार नाही असा नियमही नाही. दादांच्या धावण्यावर सगळे अवलंबून आहे, आणि ते नेहमीच वेळेत पोहोचत नाहीत.

आता रंगांकडे येतो. प्रथम हे मान्य केले पाहिजे की रात्रीच्या आकाशातले रंग डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. ज्या दंडपेशींच्या बळावर आपण अंधारात पाहतो त्यांना रंग कळत नाही. ज्येष्ठा तांबूस आहे, अभिजित निळसर आहे, एवढे तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत जाणवते. आकाशगंगा मात्र राखाडी पट्ट्यासारखीच दिसते. कॅमेऱ्याला ही मर्यादा नाही. तो दहा-पंधरा सेकंद प्रकाश साठवतो आणि मग आकाशगंगेचा मध्य पिवळसर-तपकिरी असल्याचे दाखवतो, कारण तिथले बहुसंख्य तारे म्हातारे व पिवळे-तांबडे आहेत आणि वाटेतली धूळ निळा प्रकाश विखरून टाकते. त्या पिवळ्या पट्ट्यात मधूनमधून गुलाबी ठिपके येतात. ते हायड्रोजनचे तेजोमेघ, आणि त्यांचा मुख्य रंग ६५६.३ नॅनोमीटरचा लाल. साध्या कॅमेऱ्याच्या संवेदकापुढची गाळणी हा लाल प्रकाश बहुतेक अडवते, म्हणून ते ठिपके फिकट येतात. ज्यांना तेच हवे आहेत ते गाळणी बदलून घेतात, आणि निकॉनने २०१५ मध्ये व कॅननने २०१९ मध्ये अशा बदललेल्या गाळणीचे कॅमेरे स्वतःच काढले होते. सामान्य हौशी माणसाला त्याची गरज नाही.

याशिवाय आकाशाचा स्वतःचाही एक रंग असतो, आणि तोरणमाळसारख्या ठिकाणी खरी मौज त्यातच आहे. दिवसा सूर्याच्या अतिनील किरणांनी वरच्या हवेतले रेणू तुटतात आणि रात्री त्यांचे तुकडे पुन्हा जुळताना मंद प्रकाश सोडतात. याला वायुदीप्ती म्हणतात. सुमारे ९५ किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन ५५७.७ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश देतो. त्याहून बरेच वर, सुमारे २५० किलोमीटरवर, तोच ऑक्सिजन ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो. लाल प्रकाश खाली निर्माण होत नाही, कारण तो सोडायला अणूला दीड-दोन मिनिटे लागतात आणि खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात त्याला कोणीतरी धडकून त्याची ऊर्जा काढून घेते. या लाल प्रकाशाच्या बाबतीत आपला प्रदेश नशीबवान आहे. चुंबकीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंशांवर आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरातल्या, विद्युतभारित कणांची दाटी होते, आणि भारतात ही दाटी साधारणपणे गुजरात-मध्य प्रदेशाच्या पट्ट्यावर येते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचे शास्त्रज्ञ माउंट अबूवरून याच प्रकाशाचा अभ्यास करतात. सातपुडा त्या पट्ट्याच्या दक्षिण कडेवर आहे. शिवाय सूर्याच्या सक्रियतेचे सध्याचे पंचविसावे चक्र २०२४ मध्ये शिखराच्या काळात पोहोचले, आणि सूर्य जितका चळवळ्या तितकी वायुदीप्ती अधिक.

त्या रात्री साडेसातला पूर्ण अंधार झाला तेव्हा धनू राशी दक्षिण-नैर्ऋत्येला सुमारे ३० अंशांवर होती आणि पुढचे दोन तास हाताशी होते. एपीएस-सी, म्हणजे पूर्ण चौकटीच्या दीडपट लहान, संवेदकाचा कॅमेरा, १४ मिलिमीटरची लेन्स, २.८ छिद्र, आयएसओ ३२०० आणि १३ सेकंद असा हिशोब मी धरला होता. पाचशेला पूर्ण चौकटीच्या हिशोबातल्या नाभीय अंतराने (येथे १४ च्या दीडपट, म्हणजे २१) भागण्याचा जुना नियम २४ सेकंदांची मुभा देतो, पण आजच्या बारीक पिक्सेलांच्या कॅमेऱ्यात तेवढ्या वेळात कडेचे तारे रेघा होतात. आकाशगंगा मावळतीला लागल्यावर मी कॅमेरा उत्तरेकडे वळवला, ध्रुवताऱ्याच्या खाली कोरी काळी जागा होती तिथे. पडद्यावर आलेल्या चित्रात त्या काळ्या जागेवर हिरव्या रंगाचे फिके पट्टे होते, नांगरलेल्या शेतातल्या सऱ्यांसारखे समांतर, आणि त्यांच्या वर जरासा तांबूसपणा.

शिकवणीला आलेल्या गृहस्थांनी ते पाहिले आणि क्षणात निदान केले : व्हाइट बॅलन्स (चित्रातल्या रंगांचा समतोल) चुकला आहे, हिरवी झाक आली आहे, छटेची पट्टी किरमिजीकडे सरकवा. त्यांनी सगळ्यांना तसे करायला लावलेही. हे निदान चुकीचे आहे आणि ते ताडून पाहायला फार विद्वत्ता लागत नाही. मी दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीच चौकट टिपत राहिलो आणि मग ती चित्रे एकामागून एक भराभर पुढे सरकवून पाहिली. पट्टे ताऱ्यांच्या तुलनेत सरकत होते, एक विरत होता तर दुसरा उमटत होता. व्हाइट बॅलन्सची चूक सबंध चित्रावर सारखी पसरते, तिला पट्टे पडत नाहीत. गावाच्या उजेडाची झाक असती तर ती क्षितिजाला चिकटून एकाच जागी राहिली असती, जशी दक्षिणेच्या चित्रांत शहाद्यावरची राहिली होती. पातळ ढग असते तर त्यांच्यामागचे तारे मंदावले असते. येथे बारीकातला बारीक तारा जागच्या जागी होता. हवेच्या खालच्या थरांतून वर गेलेल्या लाटांनी वायुदीप्तीच्या थरात पाडलेल्या त्या घड्या होत्या. असे दृश्य पैसे देऊन मिळत नाही, आणि ते मिळालेल्या बिचाऱ्या नवशिक्यांकडून ते दहा मिनिटांत पुसून घेण्यात आले.

शिकवणीचा दुसरा भाग संगणकावर चित्र ‘तयार’ करण्याचा होता. सर्वांना एक प्रीसेट, म्हणजे रंगबदलांचा तयार साचा, दिला गेला, जो आकाश निळे-जांभळे आणि आकाशगंगा पांढरी करतो. जाहिरातीतले चित्र त्याच प्रीसेटमधून निघाले आहे हे तेव्हा कळले. रात्रीचे आकाश निळे असते असा एक समज छायाचित्रकारांत रूढ झाला आहे आणि त्याला हातभार लावणारे हे गृहस्थ काही एकटे नाहीत. परंतु चांदणे नसलेल्या आकाशात निळे पडावे असे काही नसते. तुम्ही व्हाइट बॅलन्स ३,२०० केल्विनवर नेला की पिवळा मध्य पांढरा होतो आणि सगळी पार्श्वभूमी निळी होते. म्हणजे ताऱ्यांचे वय, मधली धूळ आणि वायुदीप्ती या तिन्ही गोष्टींची माहिती एका फटक्यात जाते. माझी शिफारस अशी की रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) ठेवावी, व्हाइट बॅलन्स दिवसाच्या प्रकाशाच्या आसपास किंवा फार तर ४,२०० केल्विनपर्यंत ठेवावा, रंगांची तीव्रता वाढवायची झालीच तर सर्व रंगांची सारखी वाढवावी, आणि हिरवा काढून टाकणाऱ्या आज्ञेला हात लावू नये. खरखर, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, कमी करायची असेल तर रंग मारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. तीच चौकट सोळा वेळा टिपून सिरिल किंवा सिक्वेटर यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केली की खरखर चौथ्या हिश्शावर येते. हे दोन तासांच्या शिकवणीत सहज बसले असते.

जाहिरातीच्या शब्दांमुळे आणखी एक घोटाळा होतो. मे २०२४ मधल्या तीव्र सौर वादळाच्या रात्री लडाखमधल्या हानले येथून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला आणि ती चित्रे मोबाइलवरून घरोघर पोहोचली. तेव्हापासून ‘रंगीत आकाश’ म्हटले की लोकांना तेच अभिप्रेत असते. उशिरा आलेल्या त्या कुटुंबातल्या मुलीने जेवताना विचारलेच, की आज लाल पडदे दिसतील का. हानले सुमारे ३३ अंश उत्तरेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथूनही दिसला तो फार उत्तरेकडच्या ध्रुवीय प्रकाशाचा केवळ वरचा शेंडा, क्षितिजाजवळ. सातपुड्यातून त्याची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. दादांनी मुलीला हे प्रामाणिकपणे सांगितले, हे त्यांच्या पदरात टाकतो. पण जे जेवणाच्या ताटावर सांगितले जाते ते जाहिरातीतही लिहायला हरकत नव्हती.

सोयींबद्दल आता थोडक्यात. छायाचित्रणाला दोन जागा आहेत, गच्ची आणि घरामागचा माळ. गच्चीवर कोणी चालले की सिमेंटचा पत्रा दणदणतो आणि ट्रायपॉड हलतो, म्हणून मी माळच सुचवीन. तिथे बसायला दगडी ओटे आहेत आणि रस्त्यावरच्या सौरदिव्याचा उजेड घराच्या भिंतीमुळे पोहोचत नाही. रात्रभर एक स्थानिक तरुण सोबतीला असतो. त्याला पावलांच्या आवाजावरून कुत्रे, रानमांजर आणि माणूस यांतला फरक कळतो, आणि रात्री सापाच्या भीतीने गवतात पाय टाकण्यापूर्वी काठी कशी आपटावी हे त्याने न विचारता दाखवले. चार्जिंगची सोय तोकडी आहे. वीज गेली की इन्व्हर्टर फक्त दिव्यांना पुरतो, म्हणून पॉवर बँक आणि जादा बॅटरी स्वतःच्याच न्याव्यात. मोबाइलच्या जाळ्याचा भरवसा धरू नये. आकाशाचा नकाशा आधीच उतरवून ठेवावा. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत रात्री अकरानंतर दव पडते आणि लेन्सवर धुके धरते, तेव्हा लेन्सला गुंडाळायची गरम पट्टी नसेल तर उत्तररात्रीचे काम संपलेच समजा. यजमानांनी अशा दोन-चार पट्ट्या भाड्याने ठेवल्या तर त्यांची किंमत एका हंगामात वसूल होईल.

ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणारे उपकरण) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. ध्रुवतारा येथे फक्त २२ अंश वर असतो, म्हणजे युरोप-अमेरिकेतले व्हिडिओ पाहून शिकलेल्याला तो अनपेक्षितपणे खाली सापडतो, आणि माळाच्या उत्तर कडेची महूची झाडे त्याला नेमकी झाकतात. उपकरण माळाच्या दक्षिण टोकाला मांडले की झाडे खाली जातात आणि तारा मोकळा होतो. पहाटे चारनंतर पूर्वेला राशिचक्रीय प्रकाशाचा, म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून विखुरलेल्या सूर्यप्रकाशाचा, तिरपा शंकू, त्याच्या उजवीकडे वर मृग आणि दक्षिणेला जेमतेम पंधरा अंश चढलेला अगस्त्य, एवढे सगळे एकाच वेळी समोर असते. शिकवणी रात्री दहालाच संपत असल्यामुळे बहुतेक पाहुणे तेव्हा झोपलेले होते. त्यांना कोणी उठवले नाही. पहाटेचा चहा साडेपाचला, उजाडू लागल्यावर आला.

जेवण साधे आणि चोख आहे : कळण्याची भाकरी, शेवभाजी, आमचूर घातलेले वरण, ठेचा. शेवभाजीचा तिखटपणा पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसाठी कमी केलेला नाही, याबद्दल दादांच्या आईंचे अभिनंदन. खोल्या स्वच्छ आहेत, पांघरुणे पुरेशी जाड आहेत.

चाळीसगावकडचे मित्र विचारतात की एवढ्या लांब कशाला, आपली पाटणादेवी काय वाईट आहे. आकाशाच्या अभ्यासाशी त्या जागेचे नाते तोरणमाळपेक्षा कितीतरी जुने आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख तिथलाच, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. परंतु पाटणादेवी डोंगराच्या उत्तर पायथ्याशी, तिन्ही बाजूंनी वेढलेल्या खोऱ्यात आहे. दक्षिणेचा खालचा भाग डोंगराने झाकला जातो आणि मोकळी बाजू आहे ती चाळीसगावच्या दिव्यांकडची. शिवाय ते गौताळा अभयारण्याचे क्षेत्र आहे, तिथे रात्री मनास येईल तसे थांबता येत नाही. महाराष्ट्रात खरोखर राखलेला अंधार हवा असेल तर जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळालेला पेंच व्याघ्रप्रकल्प आहे, पण खानदेशातून पेंच म्हणजे सबंध विदर्भ ओलांडणे, आणि शनिवारी दुपारी निघून रविवारी परतणाऱ्याला ते परवडत नाही. त्याला आज तरी तोरणमाळला पर्याय नाही.

अडीच हजार रुपये शहाद्याच्या लॉजच्या मानाने जास्त वाटतात, पण बाहेरचा एकही पांढरा दिवा न लागण्याची हमी त्यात धरली तर मला ते वाजवी वाटले. परिसरातल्या दुसऱ्या कोणाला ही व्यवस्था उभी करायची असेल तर दुर्बिणी आणि शिक्षक आणण्याआधी त्याने लाल जिलेटिनचा गठ्ठा विकत घ्यावा. निघताना मी दादांना दोन गोष्टी सुचवल्या : जाहिरातीवरचे चित्र बदलून याच माळावरचे, हिरव्या पट्ट्यांसह, न रंगवलेले चित्र लावावे, आणि दहाला संपणाऱ्या शिकवणीऐवजी पहाटे चारला दारावर थाप मारणारा माणूस ठेवावा. चित्राबाबत ते काही बोलले नाहीत. थाप मारण्याचे काम त्या सोबतीच्या तरुणाला सांगतो, असे म्हणाले. शिकवणी नको असेल तर दर कमी होतो का, असेही विचारले. पाचशे रुपये कमी करायला ते तयार आहेत. आरक्षण करतानाच तसे स्पष्ट सांगावे लागते आणि अमावास्येच्या आगेमागे दोन दिवस खोल्या लवकर भरतात. सर्वपित्रीचा दिवस तेवढा अजून मोकळा मिळतो.